रिपोर्ट चांगले आहेत, थकवा आहे तसाच

दमणं, शिणणं, थकणं, गळून जाणं हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. माझ्या मावसबहिणीला ११ वर्षांपूर्वी ल्युपसचं, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचं, निदान झालं आणि तिच्या बोलण्यात या शब्दांची हळूहळू वाटणी होत गेली. जिना चढल्यावर माणूस दमतो. दोन मिनिटं टेकला की बरा होतो. दिवसभर राबल्यावर शीण येतो. तो झोपेनं जातो. पण आठ तास झोपून उठल्यावरही केस विंचरायला हात वर न्यायचा तर आधी पलंगाच्या कडेला बसून राहावं लागतं, आणि विंचरून झालं की पुन्हा आडवं व्हावं लागतं, याला ती ‘गळून जाणं’ म्हणते. दमण्याला आणि शिणण्याला कारण असतं, शेवटही असतो. गळून जाण्याला दोन्ही नसतं.

दर तीन महिन्यांनी ती संधिवाततज्ज्ञांकडे जाते. पुष्कळदा मी सोबत असते. गेली काही वर्षं तिथलं बोलणं ठरल्यासारखं झालं आहे. “रिपोर्ट छान आहेत. लघवीतून प्रथिनं जात नाहीत, कॉम्प्लिमेंट नॉर्मल आहे, डीएनए अँटीबॉडी खाली आल्या आहेत.” “पण डॉक्टर, थकवा तसाच आहे.” “हो, तो या आजारात असतोच.” (कॉम्प्लिमेंट आणि या अँटीबॉडी म्हणजे आजार किती जोरात आहे हे सांगणाऱ्या रक्तातल्या खुणा.)

डॉक्टर चांगले आहेत. तिची मूत्रपिंडं त्यांनीच वाचवली. आणि ते खोटंही बोलत नाहीत. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये ल्युपसच्या ८० ते ९० टक्के रुग्णांनी थकव्याची तक्रार केलेली आहे. सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो असं विचारलं तर कित्येक जण सांधेदुखीच्या आणि पुरळाच्या आधी त्याचंच नाव घेतात. माझा आक्षेप त्या ‘असतोच’मधल्या ‘च’ला आहे. जे असतंच, त्याचं कारण शोधायला कुणी बसत नाही.

ल्युपसमधला थकवा ही बऱ्याच अंशी मेंदूत घडणारी आणि तपासता येण्याजोगी गोष्ट आहे असं धरून तिच्यावर थेट संशोधन व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे. आणि ते औषधांच्या चाचण्यांच्या शेपटाला जोडलेल्या एखाद्या प्रश्नावलीपुरतं नको. त्यासाठी लागणारे धागे गेल्या चाळीस वर्षांत हाताशी आलेले आहेत. ते एकमेकांना जोडण्याचं काम मात्र रेंगाळलं आहे.

का रेंगाळलं, हे मोजपट्ट्या पाहिल्या की कळतं. ल्युपस किती सक्रिय आहे हे ठरवण्यासाठी ‘स्लेडाय’ नावाची मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यात २४ बाबी आहेत. झटके आहेत, सांध्यांची सूज आहे, तोंडातले व्रण आहेत, केस गळणं आहे, तापसुद्धा आहे. थकवा नाही. ‘बिलॅग’ या दुसऱ्या मोजपट्टीत तो पूर्वी होता. २००४च्या सुधारित आवृत्तीतून तो काढला गेला. १९९९ साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजीनं ल्युपसमध्ये दिसणाऱ्या मज्जासंस्थेच्या आणि मनाच्या १९ विकारांची यादी केली. तिच्यात डोकेदुखी आहे, चिंता आहे, नैराश्य आहे. थकवा तिथंही नाही. थकवा शंभर कारणांनी येतो, तो ल्युपसमुळेच आला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून तो गाळला, हे मी समजू शकते. पण डोकेदुखीही शंभर कारणांनी येते. तिला यादीत जागा मिळाली.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. ल्युपसच्या मोठ्या औषधचाचण्यांमध्ये शिरण्यासाठी स्लेडायचे किमान ६ गुण लागत आले आहेत. २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेलिमुमॅब हे त्या देशात पन्नासहून अधिक वर्षांनी ल्युपससाठी मंजूर झालेलं पहिलं नवं औषध. २०२१मध्ये आलेलं अनिफ्रोलुमॅब इंटरफेरॉन या प्रथिनाचा (त्याबद्दल पुढं येईलच) रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याचा निरोप घेणारी जागा, अडवतं. दोन्हींच्या चाचण्यांत हीच अट होती. म्हणजे जिचे रिपोर्ट चांगले आहेत पण जी दुपारी दोननंतर उभी राहू शकत नाही, अशी बाई या चाचण्यांच्या दाराशीच अडते. तिच्या शरीरात काय चाललं आहे हे पाहण्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि संशोधनाच्या लेखी ती पुरेशी आजारीच नसते. या आजाराच्या दर दहा प्रौढ रुग्णांमागे सुमारे नऊ बायका असतात. बायकांचं ‘बरं वाटत नाही’ ऐकून घेण्याची वैद्यकाची सवय जुन्या काळापासूनच कच्ची आहे, आणि इथं ती नडते असं मला वाटतं.

आता एका अवघड जागी येते. थकवा मेंदूत शोधा असं मी पहिल्यांदा बहिणीला म्हटलं तेव्हा ती दुखावली. “म्हणजे तूही म्हणतेस की माझ्या मनाचे खेळ आहेत?” आजाराच्या पहिल्या दोन वर्षांत, निदान होण्याआधी, तिला ‘अंगचोर’ म्हटलं गेलं होतं. मन रमव, बाहेर पड, इतका विचार करू नकोस, हे सगळं तिनं ऐकलं होतं. ‘मेंदू’ हा शब्द तिच्या कानावर त्याच सुरात पडला. ही भीती खोटी ठरवायचा मला अधिकार नाही. पण ‘मेंदूत’ आणि ‘मनाचे खेळ’ या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेंदू हा मूत्रपिंडासारखाच एक अवयव आहे. त्याला रक्त लागतं, साखर लागते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असून तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. दाहानं, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा खवळल्यानं, मूत्रपिंड बिघडतं हे आपण निमूट मान्य करतो. मग दाहाचा मेंदूवर परिणाम होतो म्हटल्यावर बाईच्या स्वभावाची चर्चा का सुरू व्हावी?

ताप आल्यावर काय होतं ते आठवून पाहा. भूक जाते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अंथरुणातून उठवत नाही. हे जंतूंमुळे आलेलं दुबळेपण आहे अशी पूर्वीची समजूत होती. १९८८ साली बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञानं मांडलं की आजारी जनावराचं हे वागणं म्हणजे शरीराची योजना आहे: हालचाल थांबवून ती ऊर्जा ताप चढवायला आणि जंतूंशी लढायला वळवायची. पुढं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पोटाकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापली तर पोटात दाह असूनही हे वागणं पुष्कळ कमी होतं. म्हणजे दाहाची खबर मेंदूला पोचते, आणि ‘पडून राहा’ हा हुकूम मेंदू सोडतो. माणसांमध्ये याची परीक्षा विषमज्वराची लस देऊन झाली. निरोगी स्वयंसेवकांना लस दिली, काही तासांनी त्यांना थकवा जाणवला, आणि त्या वेळच्या स्कॅनमध्ये शरीराच्या आतल्या स्थितीची दखल घेणाऱ्या इन्सुला या भागातला बदल थकव्याशी जुळला. त्यांचा थकवा उतरला. ल्युपसमध्ये हुकूम मागे घेतला जात नाही, असं मानायला जागा आहे. का घेतला जात नाही, हा खरा प्रश्न आहे.

इंटरफेरॉनची हकीकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते. विषाणू शिरला की पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी जी प्रथिनं सोडतात त्यांना १९५७मध्ये हे नाव मिळालं. १९७९ साली स्वयंप्रतिकारक आजारांच्या, त्यात ल्युपसच्या, रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन फिरत असल्याचं प्रसिद्ध झालं. २००३मध्ये अनेक ल्युपस रुग्णांच्या रक्तपेशींत इंटरफेरॉननं चालू केलेल्या जनुकांचा ठसा सापडला. विषाणू नसताना विषाणू आल्याची दवंडी त्यांच्या शरीरात पिटली जात राहते.

दुसऱ्या बाजूला, हेपटायटिस-सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या रुग्णांना कित्येक वर्षं हेच इंटरफेरॉन-अल्फा औषध म्हणून टोचलं जात होतं, महिनोन्‌महिने. त्यातल्या फार मोठ्या भागाला ग्रासून टाकणारा थकवा आला. पुष्कळांना नैराश्य आलं. काही थोड्यांना तर ल्युपससारखा आजारच झाला. या लोकांचं दुःख संशोधनाला एक गोष्ट देऊन गेलं: एकाच माणसाचा मेंदू इंजेक्शनच्या आधी आणि नंतर पाहता आला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात लुसिल कॅप्युरों, अँड्र्यू मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. २००७मध्ये त्यांनी दाखवलं की इंटरफेरॉनमुळे बेसल गँग्लियातला साखरेचा वापर बदलतो आणि हा बदल थकव्याशी जुळतो. २०१२मध्ये दाखवलं की पैसे जिंकण्याच्या साध्या खेळात, जिंकल्यावर जो भाग उजळायला हवा तो या रुग्णांत मंद उजळतो, आणि डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या कामात बिघाडाच्या खुणा आहेत.

बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूच्या खोल भागातला केंद्रांचा समूह. हालचाल सुरू करायची का, एखादं काम त्याला लागणाऱ्या कष्टांच्या तोलाचं आहे का, याचा हिशेब तिथं होतो, आणि डोपामिनविना तो बिघडतो. डोपामिन बनवणाऱ्या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा मदतनीस लागतो. दाहात तो ऑक्सिडीकरणानं निकामी होऊ शकतो. याच्या जोडीला इंटरफेरॉन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला वेगळ्या वाटेला लावतं आणि त्या वाटेच्या टोकाशी क्विनोलिनिक आम्ल तयार होतं, जे जास्त झालं तर मज्जापेशींना त्रासदायक असतं. हे वाचलं तेव्हा मला केस विंचरण्याआधी पलंगाच्या कडेला बसलेली बहीण आठवली. तिच्या दंडात ताकद आहे. फिजिओथेरपिस्टनं ती तपासली आहे. पण हात उचलण्याची किंमत मेंदू अवाच्या सवा लावत असेल तर? हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तपासता येईल असा अंदाज आहे, आणि ‘असतोच’पेक्षा तो कितीतरी पुढचा आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजनं २०१९मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तर आमच्या दर तीन महिन्यांच्या संभाषणाला येऊन भिडतो. हेपटायटिस-सीसाठी इंटरफेरॉन घेतलेल्या काही रुग्णांचा थकवा औषध बंद झाल्यावर सहा महिन्यांनीही गेला नव्हता. उपचाराच्या सुरुवातीला त्यांची रोगप्रतिकारक यंत्रणा इतरांपेक्षा जोरात खवळलेली होती. पण सहा महिन्यांनी, थकवा कायम असताना, रक्तातल्या दाहाच्या खुणा मात्र इतरांसारख्याच होत्या. रिपोर्ट चांगले, थकवा तसाच! ठिणगी विझल्यावरही मेंदूत काहीतरी धुमसत राहतं, किंवा एकदा बदललेली घडी परत बसत नाही, अशी शक्यता यातून समोर येते. अशा वेळी रक्त तपासून थकवा कसा सापडेल?

ल्युपस आणि मेंदू यांवर काम झालेलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या बेटी डायमंड यांच्या गटानं २००१मध्ये दाखवलं की ल्युपसमधल्या काही डीएनए-विरोधी अँटीबॉडी मज्जापेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरलाही चिकटतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा फाटला तर त्या आत शिरून पेशी मारू शकतात. २०१७मध्ये बॉस्टनमधल्या शास्त्रज्ञांनी ल्युपसच्या उंदरांत पाहिलं की इंटरफेरॉनमुळे मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, मज्जापेशींमधले सांधे खाऊ लागतात. इंटरफेरॉनचा रिसेप्टर अडवला की हे थांबतं. २०२०मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ल्युपसच्या रुग्णांत तो पडदा झिरपत असल्याचं एमआरआयवर दाखवलं आणि झिरपणं जास्त तिथं विचारशक्तीही मंदावलेली आढळली. पण यातला जवळजवळ सगळा रोख स्मरणशक्ती, आकलन आणि चिंता यांच्याकडे आहे. त्याचं कारण उघड आहे. स्मरणशक्तीची परीक्षा घेता येते, उंदराचीही घेता येते. थकव्याबद्दल माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तिथं विज्ञान कचरतं.

तसं कचरायचं कारण नव्हतं. थकवा मोजणारी नऊ प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली १९८९ साली लॉरेन क्रुप आणि सहकाऱ्यांनी तयार केली, ती मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूचा आणि मज्जारज्जूचा एक आजार) आणि ल्युपस या दोन आजारांच्या रुग्णांवर तपासूनच. दोघांनी एकाच रेषेवरून सुरुवात केली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या थकव्यावर पुढं मेंदूच्या स्कॅनचे अभ्यास मोठ्या संख्येनं झाले. ल्युपसमध्ये त्या मानानं फार थोडे झाले. प्रश्नावली भरून घेण्यावरच बराच काळ भागवलं गेलं.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते सगळे फेटाळण्याजोगे नाहीत. थकव्याची इतर कारणं आधी पाहा, हे शंभर टक्के बरोबर. रक्तक्षय, थायरॉइड, झोपेचे विकार, नैराश्य, फायब्रोमायाल्जिया हा अंगभर दुखण्याचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, स्टेरॉइडचे परिणाम, हालचाल कमी झाल्यानं आलेली कमजोरी, यातलं जे सापडेल त्यावर उपचार झालेच पाहिजेत. बहिणीचं हे सगळं तपासून झालं आहे. अशा कितीतरी जणी आहेत ज्यांच्या बाबतीत ही यादी संपते आणि थकवा उरतो. माझा लेख त्या उरलेल्यासाठी आहे.

व्यायामानं आणि बोलण्याच्या उपचारानं फरक पडतो, मग मेंदूत कशाला शिरायचं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण फरक खरोखर पडतो. दाहक संधिविकारांच्या ३६७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फोनवरून दिलेलं व्यायामाचं वैयक्तिक मार्गदर्शन आणि विचार-वर्तनाचा उपचार, दोन्हींनी थकवा कमी झाला आणि तो परिणाम वर्षभरानंतरही टिकला. ज्याला हे मिळू शकतं त्यानं ते जरूर घ्यावं. पण हा आक्षेप माझ्याच बाजूनं बोलतो. फोनवरच्या बोलण्यानं थकवा कमी होतो तो कुठल्या वाटेनं? ती वाट मेंदूतून जाते, दुसरी नाही. ती कळली तर कुणाला व्यायाम लागू पडेल, कुणाला औषध लागेल आणि कुणाला व्यायामाचा आग्रह करून आपण आणखी पाडतो आहोत, हे आधी सांगता येईल. आज ते अंदाजावर चालतं.

वाट न शोधता औषधं दिली तर काय होतं याचंही उदाहरण आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या थकव्यासाठी अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही औषधं डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देत होते. २०२१मध्ये १४१ रुग्णांवर नीट चाचणी झाली तेव्हा तिन्हींपैकी एकही प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. त्रास मात्र त्यांनी जास्त दिला. तिथं मेंदूचे अभ्यास होते तरी थकव्याची यंत्रणा पुरती उलगडलेली नव्हती. ल्युपसमध्ये तर त्याहून कमी माहीत आहे.

एक धोका मला स्वतःला सतावतो. उद्या स्कॅनमध्ये थकव्याची खूण सापडली, तर कामावर ठेवणारे आणि विमा देणारे म्हणतील, दाखवा स्कॅन, तरच मानू. हे संशोधन गटागटांच्या सरासरीचं असतं. त्यातून एकट्या माणसाच्या खरेपणाचा दाखला निघत नाही. ज्या बाईचा स्कॅन ‘नॉर्मल’ येईल तिला पुन्हा अंगचोर ठरवायला तो वापरला जाणार असेल, तर आपण होतो त्याहून मागे जाऊ. म्हणून थकव्याचा पुरावा हा माणसाचा शब्दच राहिला पाहिजे आणि स्कॅननं फक्त कारण शोधलं पाहिजे, ही अट संशोधकांनी सुरुवातीलाच स्पष्ट लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय? थकव्याची नोंद प्रत्येक भेटीत व्हावी, कॉम्प्लिमेंटच्या आकड्याशेजारी. थकवा हाच मुख्य प्रश्न असलेल्या चाचण्या व्हाव्यात, आणि त्यांच्यात स्लेडाय कमी पण थकवा जास्त असलेल्या लोकांना मुद्दाम घ्यावं. स्कॅनसाठी सकाळी लांबवर बोलावलं की सर्वांत थकलेले रुग्णच येत नाहीत आणि अभ्यास त्यातल्या त्यात धडधाकट लोकांचा होतो. तेव्हा प्रवासाची सोय, मुक्काम, मधली विश्रांती यांचा खर्च संशोधनाच्या मूळ अंदाजपत्रकात असावा.

पण एकच गोष्ट मागायची झाली तर मी ही मागेन. अनिफ्रोलुमॅब सुरू करणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचा अभ्यास पहिल्या डोसाच्या आधी आणि काही महिन्यांनी व्हावा: बेसल गँग्लियाचं काम, पडद्याचं झिरपणं, आणि रोजच्या थकव्याची त्यांनी स्वतः केलेली नोंद. एमरीतल्या लोकांनी इंटरफेरॉन आत जाताना मेंदू पाहिला; इथं ते अडवलं जाताना पाहता येईल. हे औषध म्हणजे अँटीबॉडी आहे, आणि अँटीबॉडीसारखे मोठे रेणू रक्तातून मेंदूत अगदी नगण्य प्रमाणात शिरतात. समजा रक्तातला इंटरफेरॉनचा ठसा पुसला गेला आणि त्याबरोबर बेसल गँग्लियाही सावरला, थकवाही उतरला, तर कारण रक्तातच होतं आणि औषध योग्य जागी पोचलं. ठसा पुसला गेला पण मेंदूतला बदल आणि थकवा दोन्ही तसेच राहिले, तर पडद्यापलीकडे पोचणारी औषधं शोधावी लागतील. मेंदू सावरला आणि थकवा मात्र हलला नाही, तर मी इथं मांडलेला अंदाज चुकला आणि दुसरीकडे पाहायला हवं. यातलं कोणतंही उत्तर मिळालं तरी पुढच्या वेळी “थकवा तसाच आहे” असं बहीण म्हणेल तेव्हा डॉक्टरांकडे तिला सांगण्यासारखं काहीतरी असेल.